एरंडेलाचा वास
मागच्या आठवड्यात मेडिकलमध्ये कुणाच्या तरी हातून एरंडेलाची बाटली फुटली आणि त्या वासासरशी माझा उजवा हात खिशात गेला. पूर्वी लोणावळ्यात हायवेलगत माझं गाड्या धुण्याचं सेंटर होतं. जवळच्या भाजे गावाहून येणारे एक आबा तिथे सीट पुसायचे. जन्मभर त्यांनी शर्यतीचे बैल सांभाळलेले. भुशी धरणावर भिजलेली माणसं तशीच गाडीत बसायची, चामड्याच्या सीट कडक व्हायच्या. त्यासाठी मी आबांना महागाचं क्रीम दिलं होतं. पण एकदा त्यांनी एका बदामी सीटवर घरचं एरंडेल चोळलं, बैलाच्या घुंगरांच्या चामडी पट्ट्याला चोळतात तसं, भरपूर. गाडीमालक बसून उठला तर पांढऱ्या शर्टाची पाठ तेलाने माखलेली. त्याने माझी कॉलर धरली. ती सुटल्यावर मी आबांकडे वळलो. "चामडं हाय, त्येल प्यालं की मऊ ऱ्हातं. उद्यापत्तुर मुरंल," ते समजावत होते. मी त्यांच्या तोंडावर मारलं. एकदा नाही, तीनदा. ओठ फाटून ते उघड्या दारातून सीटवर पडले. शेवटी गाडीमालकच म्हणाला, "अहो, सोडा त्यांना." आबा उठले, खांद्यावरचा फडका ओढला आणि आधी सीटच्या शिवणीत गेलेलं रक्त टिपून घेतलं, मग तोंड पुसलं. "न्हाईतर डाग ऱ्हाईल," म्हणाले. मागच्या आठवड्यात मेडिकलवाल्याने औषध पुढे केलं तेव्हा उजवा हात बाहेर काढवेना. मी ते डाव्या हाताने घेतलं.