एकविसाव्या मजल्यावरचं थोरलेपण

सांडोरच्या पांडुरंगकाकांना थोरलेपणाचा भारी सोस. नथू हा त्यांचा जुळा भाऊ. काका आधी जन्मले आणि सुईण चहा संपवते न संपवते तोच नथू आला. त्या एका कप चहाच्या जोरावर या माणसाने जन्मभर हुकूमत गाजवली. केळीचा घड कधी उतरवायचा ते काका सांगणार, नथूच्या लग्नात फेटा कुठल्या रंगाचा तेही काकाच. दिवाळीच्या पाडव्याला नथूने वाडीवर येऊन यांच्या पाया पडायचं आणि यांनी "सुखी राहा, बाळ" म्हणायचं. बाळाचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले! मी शेजारी. दरवर्षी कुंपणावरून बघायचो आणि मनातल्या मनात चिडायचो.

पुढे नथूकाका मुलाबरोबर बोळिंजला, टॉवरच्या एकविसाव्या मजल्यावर राहायला गेले. त्यांची नात अक्षया कॉलेजात फिजिक्स शिकते. तिने एकदा सांगितलं की जमिनीजवळ गुरुत्वाकर्षणामुळे वेळ जरा सावकाश चालतो आणि उंचावर किंचित भरभर. नथूकाका ताडकन उठून बसले. म्हणजे आपण दादापेक्षा लवकर म्हातारे होतोय!

"आजोबा, फरक अगदीच नगण्य आहे हो. जन्मभर इथं राहिलात तरी पापणी लवण्याइतकासुद्धा नाही. मोठ्या आजोबांना गाठायला अब्जावधी वर्षं लागतील."

"लागू देत. सुरुवात तर झाली!"

पाडव्याला ते आलेच नाहीत. फोनवर भावाला सगळं विज्ञान समजावलं आणि म्हणाले, "दादा, आता मी थोरला व्हायला लागलोय. पाया पडायचं तू बघ."

मला वाटलं, आता काका अख्खं सांडोर डोक्यावर घेणार. पण त्यांनी फराळाला हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "रिक्षा बोलाव. बोळिंजला जायचंय."

लिफ्टमध्ये त्यांनी माझं मनगट असं आवळलं की वळ उठले. वर नथूकाका सोफ्यावर पाय पुढे करून ऐटीत तयारच बसले होते. काकांनी त्या पायांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अक्षया, खरं सांग. हा इथं राहून माझ्याआधी म्हातारा होतो?"

"तसं होतं, पण..."

"म्हणजे माझ्याआधी जाणार."

"अहो मोठे आजोबा, पापणी लवते ना, त्याहूनही कमी फरक आहे!"

"तेवढापण नको!" काका ओरडले आणि त्यांचा आवाज चिरकला. "मी आधी आलोय, मीच आधी जाणार. नथ्या, कपडे भर. खाली चल."

नथूकाकांनी हळूच पाय मागे घेतले.

"येतो की दादा," ते म्हणाले. "पण मग तुझ्यामागे मी एकट्याने काय करायचं?"

थोरले धाकट्याशेजारी सोफ्यावर बसले.