धाकटीची आवाजाची शाळा

वडील गेले आणि लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान दोघी बहिणींच्या गळ्यात पडलं. कामाची वाटणी आपोआप झाली. ताईचं तोंड चालायचं, म्हणून गिऱ्हाइकं तिच्याकडे. धाकटीचे हात चालायचे, म्हणून मिक्सर, माईक आणि वायरींचं जंजाळ तिच्याकडे. ताई रस्त्याच्या त्या टोकाला बोलली तरी या टोकाला ऐकू यायची. दुकानात इतके कर्णे असताना हा आणखी एक कशाला, असं शेजारचा शिंपी म्हणायचा. धाकटी मात्र मोजकं बोलायची.

एकदा गाण्याच्या कार्यक्रमाआधी गायिकेचा आवाज घुमायला लागला, जणू रांजणात तोंड घालून गातेय. धाकटीने दोन बटणं फिरवली, माईक जरा तिरका केला, आवाज मोकळा झाला. गायिका खूश. "नेमकं काय केलंत? पुढच्या ठिकाणी सांगता येईल मला."

"कानाला बरं वाटलं, तसं केलं," एवढंच धाकटीला म्हणता आलं.

हे तिला सलत राहिलं. इतकी वर्षं आपण आंधळी कोशिंबीरच खेळतोय की काय?

दुसऱ्या शहरात ध्वनिमुद्रण शिकवणारी शाळा होती. मावशीकडे जाते असं सांगून ती एक दिवस तिथे जाऊन आली. मास्तरांनी एकच गाणं दोनदा वाजवलं आणि विचारलं, फरक काय? फरक धाकटीला ऐकू आला, पण सांगायला शब्द नव्हते. तिच्या निम्म्या वयाची एक मुलगी उठली आणि घडाघडा सांगून बसली. धाकटीला हेवा वाटला, लाजही वाटली. परतताना बसमध्ये तिने ठरवलं, या वयात पोरांत बसून हसं करून घ्यायचं नाही. पुढच्या थांब्याला मन फिरलं. त्याच्या पुढच्याला पुन्हा फिरलं.

घरी ताई भाजी चिरत होती. "मावशी येऊन गेली," ती वर न बघताच म्हणाली. "तुझीच चौकशी करत होती."

धाकटी खांद्यावरची पिशवी खुंटीला अडकवायला लागली.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस गं? कुणी मुलगा असेल तर सांग. मी काय खाणार आहे तुला?"

"मुलगा नाही. शाळा आहे."

सगळं ऐकताना ताई जन्मात पहिल्यांदा गप्प बसली. मग म्हणाली, "कधी सुरू होते?"

"जाते असं कुठे म्हणाले? मी गेले तर तुझं अडेल."

"अडेल ना! न अडायला तू काय शोभेची बाहुली होतीस?" ताईचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "रडेन, चिडेन, लोकांची बोलणी खाईन. पण माझ्यासाठी राहिलीस, तर रोज तुझं तोंड बघून मला घास उतरणार नाही. जायचंय की नाही, एवढं बोल."

"जायचंय," धाकटी म्हणाली आणि हमसून हमसून रडली.

ती गेली. गणिताने तिचा जीव खाल्ला. वर्गातली पोरं तिला काकू म्हणायची. एका विषयात नापास झाली, पुन्हा बसली, सुटली. इकडे ताईने ठेवलेला माणूस काम अर्धवट टाकून पळाला आणि मोठी गिऱ्हाइकं तुटली. ताईने हे कधी कळू दिलं नाही. धाकटीला ते शिंप्याकडून समजलं. "मी परत येते," ती फोनवर म्हणाली, तर ताईने फोनच ठेवून दिला.

शेवटी ताई स्वतःच मिक्सरला बसली. मोठे स्पीकर विकून छोट्या सभा, शाळांचे कार्यक्रम घेऊ लागली. धाकटी आता पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका स्टुडिओत नोकरी करते. सुट्टीत आली की ताई तिला कार्यक्रमाला नेते, पण मिक्सरला बोट लावू देत नाही.

"कसा होता आवाज?" परवा कार्यक्रम संपल्यावर ताईने विचारलं.

"स्वच्छ होता."

"खरं सांग."

"जरा टोचत होता."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?" ताई डाफरली, आणि दोघी वायरी गुंडाळायला लागल्या.