नंदाला न पटलेला रोबो

फोन आला तेव्हा मी नसरापूरच्या एका मंगल कार्यालयात नवरीचे फोटो काढत होतो. "दादा, नंदा पडली... दवाखान्यात आणली, पण न्हाई ऱ्हायली," दाजी म्हणाले. मागं सनई वाजत होती, नवरीची मावशी "हसरा काढा, हसरा" म्हणून ओरडत होती. त्या क्षणी मला दुःख झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला राग आला. कपडे वाळत घालताना पडली म्हणे. त्याआधी आठवडाभर छातीत जळजळतंय म्हणत होती आणि घरातल्या प्रत्येकानं जिरं घे, लिंबू पी, सोडा घाल असं काही ना काही सुचवलं होतं. पित्तच आहे असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं, तिनंसुद्धा. तिच्या गावातून, वरव्यातून, शेअर रिक्षात बसलं की दवाखान्याच्या दारात उतरता येतं. पण नाही... महिना उलटून गेला, माझा राग काही उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं म्हणजे आवाज मऊ करायचा, हे मला जमणार नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

नंदा माझी आत्येबहीण, माहेर वेल्ह्यातलं पासली. लहानपणी सुट्टीत मी आत्याकडे जायचो तेव्हा अख्ख्या आळीत एकच टीव्ही होता, शाळेच्या गुरुजींच्या घरी. रविवारी सकाळी त्यावर एक जपानी कार्टून लागायचं. डोंगराएवढे रोबो, त्यांच्या छातीत बसून ते चालवणारी पोरं, आणि संकट आलं की हातपाय दुमडून रोबोचं विमान व्हायचं. नंदा तोंड उघडं टाकून बघायची. नेमकं विमान उडायच्या वेळी आत्याची हाक यायची, म्हशी सोडायच्या असायच्या. संध्याकाळी ती मला शेवट विचारायची. मला आठवत नसलं की मी रचून सांगायचो, आणि ती हटकून पकडायची. "खोटं सांगतोयस दादा. त्याचा पंख मगाशीच तुटल्याला. त्यो उडंल कसा?"

पुढं ती वरवे बुद्रुकला दिली. दाजी जवळच्या कारखान्यात, घरची थोडी शेती, दारात सासू. मुलगा लहान असताना त्याला कुणीतरी रोबोचं खेळणं दिलं, रोबोचं विमान होणारं. दोन दिवस झटापट करून त्यानं ते कोपऱ्यात फेकलं. नंदानं उचललं आणि भाजी चिरायची ठेवून बसली. मी तिथं होतो. कंबर फिरली, पाय मागं गेले, छातीतून पंख बाहेर आले... "आलं गं बाई!" एवढंच ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. मुलगा मोठा होऊन पुण्याला नोकरीला लागला तरी तिचं ही खेळणी मागवणं थांबलं नाही. मीच म्हटलं, नंदे, तू जे माझ्यापुढं बडबडतेस ते कॅमेऱ्यापुढं बोल. माझा फोटो स्टुडिओ, कॅमेरा घरचाच. असं तिचं चॅनेल सुरू झालं.

तिची पद्धत तिचीच होती. सोबत आलेला माहितीचा कागद ती उघडायचीच नाही. दोन्ही हात कॅमेऱ्यापुढं धरून दाखवायची. भाताची रोपं लावून, राख-मातीनं भांडी घासून जाड झालेली बोटं. "ह्या बोटानं व्हत आसंल तर कुणाच्याबी बोटानं हुईल. न्हाई झालं तर दोष बोटाचा न्हाई." मग एकेक सांधा फिरवून बघायची. ढिला असला तर तसं सांगायची, प्लॅस्टिकवर ताणाची पांढरी रेघ उमटली तर ती जवळून दाखव म्हणून मला दटावायची. कार्टूनमधला रोबो कुठं वाकतो ते तिच्या डोक्यात पक्कं होतं आणि हातातला तिथं वाकला नाही तर त्याची धडगत नसायची. आणि एक गुन्हा तिच्या लेखी माफच नव्हता. काही खेळण्यांत रोबोचं विमान करायचं तर डोकं नाहीतर हात उपटून बाजूला ठेवावे लागतात. असलं काही निघालं की नंदाचा आवाज चढायचा. "बदलायचं तर सगळ्या अंगासकट बदलायचं. मुंडकं काढून टेबलावर ठिवायचं आन म्हनायचं झालं इमान? ह्येला मी चोरी म्हनते."

लांबलांबून लोक तिचं ऐकायचे. शिकलेली, कामाधंद्याची मोठी माणसं खाली लिहायची, ताई, तुम्ही शिव्या घातल्या म्हणून वाचलो, हे घेणार होतो. घरात मात्र हीच नंदा "व्हय" आणि "बरं" याच्या पुढं जात नसे. तिचा दीर उत्तम चारचौघांत विचारायचा, "वहिनी, भावल्या खेळायचं वय ऱ्हायलंय का?" आणि ती चहा ठेवायला आत जायची. मला हे बघवायचं नाही. मी तिला म्हणायचो, त्या रोबोला बोलतेस त्यातलं निम्मं उत्तमला बोल. ती हसायची. "त्यो कुठं बदलनाराय, दादा."

गेली त्याच्या चारपाच दिवस आधी आम्ही शेवटचा व्हिडिओ केला. पासलीत अर्धवट बघितलेल्या त्याच कार्टूनमधला रोबो अखेर खेळणं होऊन आला होता आणि त्याची तिनं वर्षभर वाट बघितली होती. खोकं उघडताना ती लहान मुलीसारखी हसली. पंख उघडले, पाय दुमडले, सगळं जिथल्या तिथं. आणि शेवटी दोन मुठी राहिल्या. कुठंच बसेनात. उपटून काढायच्या आणि सोबत दिलेल्या पिशवीत घालायच्या, अशी सोय होती. नंदानं त्या पुन्हा एकदा बसवून बघितल्या. मला वाटलं, या एकाला तरी ती माफ करेल. पण तिनं त्याला असा काही झोडपला की काय सांगू. "तुझ्यासाटी एवडी वाट बघितली मी," ती त्या खेळण्याला म्हणाली, "आन तू बी तसलाच."

दहाव्याच्या आधीच चौकात फ्लेक्स लागला. त्यासाठी उत्तमनं माझ्याकडं नंदाचा फोटो मागितला होता. मी तिचा हातात रोबो घेतलेला, कपाळाला आठी घातलेला फोटो दिला. मला तो सगळ्यात तिचा वाटतो. तो म्हणाला, खेळणं तेवढं काढून टाका. मी नाही म्हटलं, तर त्यानं भोरला जाऊन दुसरीकडून करून घेतलं. फ्लेक्सवर नंदा कुणाच्या तरी लग्नातलं हसू हसत होती आणि खाली लिहिलं होतं, 'सुगरण, मितभाषी, प्रेमळ'. मितभाषी! मी तिथं गाडी थांबवून मोठ्यानं शिवी दिली. चौकातले वडापचे जीपवाले बघत राहिले.

मग प्रश्न आला शेवटच्या व्हिडिओचा. तिचे प्रेक्षक विचारत होते. दाजींनी मला बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही, अर्धा झाला होता खचून. "दादा, ती खोकं उघडताना हसती तेवडंच टाका. पुडचं काढा. गेलेल्या मानसाचं शेवटचं बोलनं वाकडं नको. आजून वर्ससुदीक झालं न्हाई." उत्तम मान हलवत होता. मी म्हटलं, दाजी, लग्नाच्या व्हिडिओत मी हेच करतो. रुसलेला मामा काढतो, रडकी करवली काढतो, सगळं गोड करून देतो. नंदाचं तसं करणार नाही. आयुष्य तिनं तुमच्यापुढं गोड बोलूनच काढलं. निदान आधी पूर्ण बघा, मग सांगा. आणि विचारत बसलो नाही, त्यांच्या बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीला मोबाईल जोडून लावून दिला.

नंदा हसली. पंख उघडले. मुठी आल्या... आणि तिचा आवाज खोलीभर झाला. उत्तम उठून बाहेर गेला. दाजी खाली बघत म्हणाले, "बंद करा, दादा." भिंतीला टेकून बसलेल्या त्यांच्या आईनं हात वर केला.

"ऱ्हाऊ दे. बोलू दे तिला."

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग मला विचारलं, "एवडी बोलायची व्हय ही? ह्ये कुटं जाऊन बोलली?"

"हितंच, मावशी," मी म्हटलं. "आतल्या भाताच्या पोत्यांच्या खोलीत. तुमची मालिका चालू असायची तवा."

म्हातारी आतल्या दाराकडं बघत राहिली. त्या दाराला साधी कडीसुद्धा नाही, नुसतं लोटलेलं असायचं. दाजी रडायला लागले. मला त्यांची कीव आली, म्हातारीचीही आली, पण राग काही हलला नाही. एकदा, फक्त एकदा कुणी ते दार ढकललं असतं तर... व्हिडिओ मी त्याच संध्याकाळी पूर्ण टाकला, एक अक्षर न कापता.

आता मी दर आठवड्याला वरव्याला जातो. ती खेळणी त्याच खोलीतल्या फळीवर आहेत, कुणी हलवलेली नाहीत. दुपारी टीव्हीवर मालिका लागत नाही. मी गेलो की म्हातारी पुढं सरकून बसते. पहिल्यांदा मी आपला एक साधा, कौतुकाचा व्हिडिओ लावला होता, नंदा त्यात छान हसत होती. म्हातारीनं थोडा वेळ बघितला आणि मान हलवली.

"ही हसल्याली मला ठावं हाय," ती म्हणाली. "भांडल्याली लाव."