चावडीपासून अर्धा किलोमीटर

मी आयुष्यभर रेघा ओढल्या आणि त्याचा पगार घेतला. नाशिकच्या एका पाणीपुरवठा कार्यालयात मी ट्रेसर म्हणून लागलो, सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हा. ट्रेसर म्हणजे काय, तर इंजिनिअर लोकांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईनं उतरवायचा. चुकलं की ब्लेडनं हळूच खरवडायचं. हात स्थिर पाहिजे आणि डोकं फार चालवायचं नाही, एवढीच पात्रता. माझा हात चांगला होता. डोक्याचं पुढं सांगतोच.

आम्ही मूळचे नांदगाव तालुक्यातले, बौद्ध. वडील रेल्वेत गँगमन, घर गावाबाहेरच्या वस्तीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण हे ठाऊक नसेल तर माझी पुढची चूक साधी वाटेल. ती साधी नव्हती.

निफाड तालुक्यातल्या काही गावांची मिळून आमच्याकडं एक प्रादेशिक योजना होती. एक मोठी टाकी, तिथून गावोगाव पाइप. योजना बरी चालली, आणि मग आजूबाजूच्या गावांचे अर्ज सुरू झाले, आम्हालाही घ्या म्हणून. रोज कुणीतरी सरपंच साहेबांच्या केबिनबाहेर टोपी सावरत बसलेला. साहेब म्हणजे आमचे कार्यकारी अभियंता. माणूस सरळ, पण गर्दीला भ्यायचा. एका सकाळी त्यांनी मला आणि हेडक्लार्कना आत बोलावलं. हेडक्लार्कना सगळे भाऊसाहेब म्हणत.

"नवी गावं घ्यायची पद्धत एकदाची कागदावर आणू या," साहेब म्हणाले. "उद्या कुणी विचारलं तर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे."

तीन दिवस आम्ही तेच करत बसलो. ग्रामपंचायतीचा ठराव पाहिजे. गाव टाकीपेक्षा खालच्या पातळीला पाहिजे, म्हणजे पाणी आपलं आपण जाईल. नळाची देखभाल कोण करणार ते गावानं लिहून द्यायला पाहिजे. भाऊसाहेबांचं मराठी असं, की साधं वाक्यसुद्धा त्यांच्या हातून कोट-टोपी घालूनच बाहेर पडायचं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग साहेबांनी विचारलं, "पण गाव म्हणजे कुठपर्यंत? प्रत्येक मळ्यात पाइप नेत बसलो तर टाकी कोरडी पडायची."

मी टेबलावर नकाशा पसरला. नकाशात गाव म्हणजे एक ठिपका, आणि तो ठिपका चावडीच्या जागी द्यायचा अशी आमच्याकडची रीत. आदल्या दिवशी, निव्वळ नकाशा देखणा दिसावा म्हणून, मी प्रत्येक ठिपक्याभोवती एक वर्तुळ काढलं होतं. कंपासचं टोक कापडाला भोक पाडतं, म्हणून शाईच्या बाटलीचं झाकण ठेवून त्याच्या कडेनं पेन फिरवलं होतं. साहेबांना वर्तुळं फार आवडली.

"हे किती होतं?"

मी पट्टी लावली. "मधून कडेपर्यंत एक सेंटिमीटर. म्हणजे अर्धा किलोमीटर, साहेब."

"छान. टाका मग. चावडीपासून अर्धा किलोमीटर."

भाऊसाहेबांनी लिहून घेतलं, चहा आला, विषय संपला. पुढं पाणीपुरवठा मंडळाच्या बैठकीत सगळे नियम जसेच्या तसे मंजूर झाले. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एक गुरुजी आले. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. हायस्कूलवर गणित शिकवत. त्यांचं गाव नव्या नियमानं योजनेत आलं होतं, चावडीपुढं नळाची जागासुद्धा ठरली होती. त्यांची वस्ती तेवढी बाहेर राहिली होती. शिपायानं माझं आडनाव सांगितलं असणार, कारण ते मला "जयभीम" म्हणाले. मीही म्हणालो, पण हळू, भाऊसाहेबांच्या कानावर जाणार नाही इतपत. त्याची लाज मला आजही वाटते.

"पोरगी दहावीला आहे," ते म्हणाले. "सकाळी विहिरीवर आधी गावातल्या बाया भरतात, मग आमच्या वस्तीचा नंबर. दोन खेपा होईपर्यंत शाळेची घंटा झालेली असते. पहिला तास गणिताचा, आणि तो माझाच. रोज तिची गैरहजेरी मीच मांडतो."

मी नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि वर्तुळावर बोट ठेवलं.

"हे एवढंच का?"

"नियम आहे."

"ते कळलं हो. पण एवढंच का? काहीतरी हिशेब असेल ना त्यामागं?"

"वरून आलंय," मी म्हणालो.

वरून! झाकण माझ्याच ड्रॉवरमध्ये पडलं होतं. गुरुजी वाद घालणाऱ्यातले नव्हते. "एकदा बघून जा," एवढंच म्हणाले आणि पिशवी उचलून गेले.

गेलो मी. नसतो गेलो तर झोप लागली नसती. एसटीनं निफाड, तिथून पुढं मिळेल त्या वाहनानं. चावडीपासून टेप लावत निघालो, दुसऱ्या टोकाला गुरुजी. घरं संपली, मारुतीचं देऊळ मागं पडलं, एक द्राक्षाचा बाग गेला, उतार लागला, आणि ओढ्याच्या पात्रात, मधोमध, माझा अर्धा किलोमीटर संपला. पलीकडच्या काठावर वस्ती. तिथल्या भिंतींवरचा निळा रंग दिसत होता, चुलींचा धूर दिसत होता. मी गाढवासारखा ओढ्यात उभा.

अरे, आमची वस्ती कुठल्या गावात चावडीला लागून असते? नांदगावला आमच्या घरून चावडीवर जायचं तर अर्धं गाव वळसा घालून जावं लागे. भाऊसाहेबांना हे सुचलं नाही, ते मी समजू शकतो. साहेबांना नाही सुचलं, तेही ठीक. मला सुचू नये? शिवाशिवीनं पाडलेलं अंतर होतं ते. माझ्या आज्यानं, पणज्यानं पायांनी मोजलेलं. आणि मी ते शासकीय कापडावर सुबक वर्तुळ काढून पक्कं करून दिलं होतं. मला माझाच भयंकर राग आला.

तेवढ्यात गुरुजींची मुलगी विहिरीकडून आली. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, शाळेच्या गणवेशातच.

"काका, तुम्ही नळवाले का?" तिनं विचारलं. "बाबा म्हणतात, वर्तुळ आमच्या अलीकडं संपतं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढं उभा राहिलो. "साहेब, तो अर्धा किलोमीटर शाईच्या झाकणाचा आहे." साहेबांना आधी कळेना. कळलं तेव्हा ते हसले, आणि ओढ्याचं ऐकून त्यांचं हसू गेलं. म्हणाले, "लेखी द्या. नियम बदलून घेऊ."

बाहेर भाऊसाहेब म्हणाले, "कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय? कोण विचारायला आलंय?" पण मसुद्याला तेच माझ्याजवळ बसले, हेही सांगितलं पाहिजे. आम्ही लिहिलं : अंतर मोजू नये, गाव घ्यायचं ते त्याच्या सगळ्या वस्त्यांसकट घ्यावं. मला इतकं हलकं वाटलं, की स्वच्छ प्रत मी माझ्या हातानं, टपोऱ्या अक्षरात काढली. आणि खाली, आमच्याकडच्या प्रत्येक दुरुस्तीखाली असायचं तसं, सवयीनं एक वाक्य टाकलं : "ही सुधारणा यापुढील प्रस्तावांस लागू राहील." कुणी सांगितलं नव्हतं. हात गेला आपोआप. साहेबांनी सही केली, मंडळानं मंजूर केलं, कुणालाच काही खटकलं नाही.

मीच गुरुजींना पोस्टकार्ड टाकलं, काम झालं म्हणून. ते आले. उभ्यानंच कागद वाचला, मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचला. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"आमचं गाव तर आधीच मंजूर झालंय," ते म्हणाले.

ती ओळ माझ्याच हातची होती. कागद घेऊन मी तसाच साहेबांकडं गेलो. साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाले, "एकाच नियमाला लागोपाठ दोनदा हात लावला, तर मंडळ हीपण दुरुस्ती काढून टाकेल. थांबावं लागेल." बाहेर येऊन गुरुजींना हे कसं सांगितलं, ते मला आठवत नाही. ते एवढंच म्हणाले, "पण दुसऱ्यांना मिळेल ना?"

महिन्याभरात ते पुन्हा आले. आजूबाजूच्या, अजून योजनेत न आलेल्या पाच गावांतल्या वस्त्यांचे अर्ज घेऊन. रविवारी सायकलवर फिरून सगळे त्यांनी स्वतः लिहिले होते, अंगठे घेतले होते, वस्त्यांचे हातनकाशे जोडले होते. मी एकेक अर्ज आवक वहीत नोंदवून घेतला. सहावा नव्हता.

"तुमच्या वस्तीचा?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"आम्ही नियमाच्या आधीचे," ते म्हणाले आणि चक्क हसले. "दहावीचं गणित वीस दिवसांवर आलंय. निघतो."

त्या पाचही वस्त्यांना पाणी मिळालं. गुरुजींच्या वस्तीत नळ यायला आणखी तीन वर्षं गेली. उद्घाटनाला त्यांनी मला बोलावलं, मी गेलो. मुलगी दिसली नाही, तिचं लग्न होऊन ती सासरी गेली होती. पहिला हंडा गुरुजींच्या बायकोनं भरला. आम्ही त्यांच्या ओट्यावर बसून चहा घेतला, इकडचं तिकडचं बोललो. दहावीला तिचं काय झालं, हे मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.