चौथा ट्रक
ग्रीसचा वास आला की नाहूरच्या घरातली ती दुपार आठवते. लढाईच्या जुन्या फिल्म टीव्हीवर लावून त्यातल्या ब्रिटिश लष्करी गाड्या ओळखायच्या, हा माझा आणि बाबांचा नाद. लष्कराने लिलावात काढलेले तसले ट्रक बाबांनी तरुणपणी गॅरेजात खोललेले. त्या दिवशी पडद्यावर धुळीतून ट्रकांची रांग येत होती. बाबा डोळे मिटून म्हणाले, “चौथ्याचा गिअर घासतोय. बंद पडणार बघ.” चौथा ट्रक खरंच थांबला. “थापा नका मारू, आधी पाहिलीय ना ही?” मी विचारलं. “नाही रे. आवाज येतोय ना.” फिल्म मुकी होती. बाबा गेल्यानंतर काल पहिल्यांदाच ती एकट्याने लावली. चौथा ट्रक जवळ आला आणि मी रिमोट उचलून आवाज कमी केला.