मापटंबाईंचा खरा आकडा

ऑफिसात त्यांना सगळे मापटंबाई म्हणत. वडील किराणा दुकानात धान्य मोजायला होते. ते मापात पाप करत नसत, आणि लेकीनेही तोच हट्ट उचलला होता.

बाई आरोग्य खात्याचे सर्व्हर सांभाळायच्या. सर्व्हर खात्याचे नव्हतेच, दूरच्या कंपनीकडून भाड्याने घेतलेले. किती घ्यायचे याची मर्यादा वरून ठरलेली, आणि त्यातच सगळ्या विभागांचे वाटे. वर्षातून एकदा प्रत्येकाने अर्जात आकडा लिहायचा. साहेब पेन्सिल उचलत आणि डोळे झाकून तो निम्मा करत. म्हणून सगळे दुप्पट लिहीत. हे साहेबांनाही ठाऊक होतं. तरी बाई अॅम्ब्युलन्सच्या फोनसाठी लागतील तेवढेच साठ लिहीत आणि तीस घेऊन परत येत.

"वहिनी, सरळ बोटाने तूप निघत नाही," जाहिरात विभागातला त्यांचा चुलतदीर म्हणायचा. त्याने एकशे ऐंशी मागून नव्वद मिळवले होते. वापरात वीस. बाकीचे लागतील तेव्हा लागतील म्हणून नुसते चालू.

एका सकाळी दाट धुक्यात हमरस्त्यावर वीसेक गाड्या एकमेकींवर आदळल्या. फोनांचा पूर आला. तीस सर्व्हर भरले. बाईंनी एकतिसावा मागितला, तर पडद्यावर उत्तर आलं, मर्यादा संपली. दिराचे सत्तर रिकामे समोर दिसत होते, पण ते वळवायला साहेबांची मंजुरी हवी आणि साहेब मीटिंगमध्ये. शिपाई दार उघडेना. अकरा मिनिटं त्या दाराशी गेली. शेवटी बाईंनी कोणालाही न विचारता ते सत्तर बंद केले आणि त्यांची जागा फोनांना दिली.

त्या अकरा मिनिटांत रांगेत अडकलेल्या फोनांची रेकॉर्डिंग बाईंनी नंतर ऐकली. एक बाई नवऱ्याला सांगत होती, "लागतोय फोन, लागतोय. तुम्ही डोळे मिटू नका." नवव्या मिनिटाला तिने बोलणं थांबवलं. फोन मात्र ठेवला नाही.

आठवड्याने मेमो आला, मापटंबाईंनाच. दुसऱ्याच्या वाट्याला हात का लावला? चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. आपले सत्तर सर्व्हर गेलेत हे दिरालाही त्या मेमोवरूनच कळलं. बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. त्या तडक साहेबांच्या खोलीत गेल्या.

"साठ लागतात म्हणून साठच लिहिले होते, साहेब. तुम्ही तीस दिलेत."

"नियम सगळ्यांना सारखा, बाई. तुम्ही एकशेवीस लिहायचे होते."

पुढच्या वर्षी बाईंनी एकशेवीस लिहिले. लिहिताना वडील आठवले, आणि त्यांचाही राग आला. साहेबांनी पेन्सिल उचलली, बाईंकडे पाहिलं आणि खाली ठेवली.

"त्या अकरा मिनिटांनंतर तुमच्या आकड्याला आता कोण हात लावणार?" ते म्हणाले.

एकशेवीसच्या एकशेवीस मिळाले. साठ कामाला लागले, साठ रिकामे चालू राहिले. ते कोणाच्या वाट्यातून आले, हे बाईंना महिन्याभराने कळलं. लहान मुलांच्या लसींच्या नोंदी ठेवणारे गृहस्थ त्या वर्षी नवीन होते. त्यांनी अर्जात खरा आकडा लिहिला होता.