श्वास सुटेपर्यंत

जर्मनीतलं वोल्फ्सबुर्ग हे गावच गाड्यांच्या कारखान्यावर जगतं, पण तिथे माणसं गाडीसुद्धा एवढा विचार करून घेत नाहीत. आपल्या हृषिकेशने गेमिंग कॉम्प्युटरचे सुटे भाग निवडायला हिवाळ्यात सुरुवात केली होती. आता बाल्कनीतल्या कुंडीत टोमॅटो पिकायला लागले तरी निवड चालूच होती. बजेट मध्यम होतं, म्हणजे छळ जास्त. भरपूर पैसे असले की माणूस सगळ्यात महाग ते उचलतो, नसले की गप्प बसतो. मधल्यालाच विचार करत बसावं लागतं.

"तू कॉम्प्युटर घेतोयस की स्थळं बघतोयस?" त्याची बायको शिवांगी विचारायची.

"प्रोसेसर चांगल्या घरचा आहे गं, पण मदरबोर्डशी पटत नाहीये त्याचं."

"मग पत्रिका बघ आणि उरकून टाक."

गोष्ट हसण्यावारी नेली की पुढचं सांगावं लागत नाही. पुढचं असं होतं, की भाग निवडायला बसलं की मागून डाव्या खांद्याशी बाबा बोलायचे. आणि बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

बाबा, म्हणजे सुधीरराव, वैजापुरात एसटी स्टँडसमोर कॉम्प्युटर जोडून विकायचे. पतपेढ्या, फोटोवाले, दाखले काढून देणारे, सगळ्यांची मशिनं त्यांच्या हातची. हृषिकेश त्या दुकानातच वाढला. रॅमचे सोनेरी दात खोडरबराने कसे घासायचे, पेट्रोलमध्ये ब्रश बुडवून बोर्ड कसा धुवायचा, हे त्याला पाढ्यांच्या आधी आलं. मशीन जोडून झालं की बाबा बोर्डाला दोन वायरींचा एक बटणाएवढा स्पीकर लावत आणि बटण दाबत. एक बीप आली की मशीन जिवंत. "श्वास धरा," ते गिऱ्हाइकालाही सांगत. "श्वास सुटेपर्यंत बीप आली नाही तर पिन उपटायची. नाहीतर बोर्ड जातो." अख्खं दुकान श्वास धरून उभं राहायचं. चहावाला पोऱ्यासुद्धा.

बाबा गेले तेव्हा हृषिकेश वेळेवर पोचला नव्हता. दहाव्याला मात्र तो गोदाकाठी हजर होता. बाभळीवर कावळा येऊन बसला, त्याने पिंडाकडे नीट पाहिलं, आणि हलला नाही. आईला सांभाळतो, दुकान विकणार नाही, जे जे सुचेल ते हात जोडून सांगून झालं. शेवटी गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा करून उरकलं. काय राहिलं असेल हो मनात, असं परतताना सगळेच म्हणाले, आणि जेवणात विसरले. हृषिकेश तेवढं घेऊन जर्मनीला परत आला.

हिवाळ्यात एका संध्याकाळी त्याने सहज म्हणून स्वस्तातला पॉवर सप्लाय पसंत केला, आणि मागून आवाज आला, "पाया कच्चा ठेवून वर रंगरंगोटी करणार का?" तो वळला. मागे वाळत घातलेले कपडे होते. त्यानंतर रोज. दिव्यांची कॅबिनेट बघितली तर, "आरास कशाला? गणपती बसवायचाय?" महाग ग्राफिक्स कार्ड बघितलं तर, "हे जावई असतात. खातात खूप आणि घर तापवतात." आवाज उबदार, थोडा बसका, दुकानातला. भीती वाटावी असं त्यात काहीच नव्हतं, म्हणून जास्त वाटायची.

एकदा तर शिवांगीनेच दारातून विचारलं, "कारखान्यातून काही आणलंस का? पेट्रोलचा वास येतोय."

"नाही," तो म्हणाला, आणि त्याने आपले हात हुंगून पाहिले.

त्याने धीर करून विचारूनही पाहिलं. "बाबा, मनात काय राहिलं होतं तुमच्या?"

"आधी रॅम बघ," बाबा म्हणाले.

एकदा का सगळे भाग निवडून झाले, की बाबांना बोलायला काही उरणार नाही, हे त्याला कळत होतं. आणि ते राहिलेलंही तसंच राहणार. म्हणून तो रोज ऑनलाइन टोपली भरायचा आणि रोज रिकामी करायचा.

मग त्याची आई, मालिनीबाई, तीन महिन्यांच्या व्हिसावर आली. बॅगेतून मेतकूट निघालं, आणि रुमालात बांधलेला तो दोन वायरींचा स्पीकर. "त्यांच्या शर्टाच्या खिशात होता," ती म्हणाली. चार दिवस तिने मुलाचं पुटपुटणं ऐकलं, मग सरळ विचारलं, "कोणाशी बोलतोस?"

त्याने सांगितलं. ती जराही दचकली नाही.

"तुला कॉम्प्युटरचं सांगतात होय," ती म्हणाली. "मला नुसतं विचारतात, गॅस बंद केलास का." मग रुमालाची घडी घालत, "मागव आता ते. मी आहे तोवर जोडून होऊ दे."

खोकी आली. रविवारी दुपारी तो जोडायला बसला. जर्मनीत रविवारी आवाज करायला बंदी, भिंतीला भोक पाडता येत नाही, पण स्क्रू पिळायला कोणाची हरकत नसते. त्या दुपारी बाबा एवढे बोलले, की त्याने कोरी करकरीत रॅमसुद्धा खोडरबराने घासली. शेवटचा स्क्रू बसला, आणि बाबा गप्प झाले.

त्याने स्पीकर लावला, टीव्हीची वायर जोडली, बटण दाबलं. पंखे फिरले. टीव्ही काळा. त्याने श्वास धरला, श्वास सुटला, बीप नाही. त्याने पिन उपटली. पुन्हा लावली, पुन्हा उपटली. रॅम काढली, घासली, बसवली. पुन्हा तेच. त्या काळ्या काचेत त्याला बाभळ दिसायला लागली.

"काय राहिलंय ते तरी सांगा," तो हळूच म्हणाला. त्याने पुन्हा बटण दाबलं, श्वास सुटला, हात पिनेकडे गेला.

तेवढ्यात आई पदराला हात पुसत आली आणि कॅबिनेटसमोर बसली.

"अहो," ती म्हणाली.

हृषिकेशचा हात थांबला. आई बाबांशी बोलत असताना मध्ये पिन कशी उपटणार?

"अहो, पुरे आता. त्या दिवशीही पोराला असंच ताटकळत ठेवलंत. मला ठाऊक होतं तुमचं काय ते, पण एवढ्या लोकांत कुठे सांगू? तुम्हाला इथे यायचं होतं. ह्याच्या घरात बसून दोघांनी मिळून एक मशीन जोडायचं होतं. तुम्हाला बोलायचा संकोच, आणि ह्याला वाटायचं, बाबा दुकान सोडून कशाला येतील. झालं ना जोडून? मग सोडा त्याला."

टीव्ही काळाच. आईची मात्र तक्रार नव्हती. आता बसलीच आहे तर, म्हणून तिने बाकीचंही सांगून टाकलं: दुकानात आता भाड्याने झेरॉक्सवाला बसतो, त्याने पाटी काढली नाही, शेजारच्यांनी भिंत अखेर आपल्या हद्दीत सरकवलीच, सुनेला मेतकूट आवडलं. हृषिकेशने केव्हापासून श्वास धरला होता, त्याचं त्यालाच कळलं नाही.

बीप आली. एकच, बारीक.

टीव्हीवर पांढरी अक्षरं उमटली. शिवांगी खोक्यातलं माहितीपत्रक उघडून बसली होती. "हे बघ," ती म्हणाली. "पहिल्यांदा रॅम ओळखायला बोर्डाला काही मिनिटं लागतात. तोवर पिन काढायची नाही, असं ठळक अक्षरात दिलंय. तू दर वेळी त्याला पहिल्यापासून सुरू करायला लावत होतास."

"गेनाऊ," हृषिकेश म्हणाला. 'अगदी बरोबर' हे त्याच्या तोंडून जर्मनमध्येच निघालं.

थोड्या वेळाने कोणी बघत नाहीसं पाहून तो मागे वळला. "बाबा, कीबोर्ड कुठला घेऊ?"

कोणी बोललं नाही. पेट्रोलचा वास नव्हता. पंखे त्याने निवडून निवडून इतके बिनआवाजाचे घेतले होते, की मशीन चालू आहे हे हात लावल्याशिवाय कळत नव्हतं. त्याने हात लावला. कोमट होतं.

"हो हो, केलाय बंद," आई एकदम म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती.

तिला कोणीच काही विचारलं नव्हतं. आणि त्या घरात गॅस नव्हताच, विजेची शेगडी होती.